तिरोडा: हावडा लाइनवरचं मधलं स्टेशन

नागपूरहून रायपूरकडे जायला इंग्रजांनी जी मोठी सडक बांधली, तिला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. भंडारा, साकोली, देवरी करत ती राजनांदगावला पोचत असे. आजचा 53 क्रमांकाचा महामार्गही बराचसा त्याच वाटेने जातो. ही सडक आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याला कधीच शिवली नाही. रेल्वे मात्र आली, आणि ती चक्क तेव्हाच्या जिल्ह्याच्या ठिकाणाला बाजूला ठेवून आली. भंडारा शहराला स्टेशन मिळालं ते दहाएक किलोमीटरवर, वरठीला. त्याला 'भंडारा रोड' हे नाव पडलं. तुमसरकरांच्या वाट्यालाही 'तुमसर रोड'च आलं. तिरोड्याच्या नावापुढे मात्र 'रोड' लागला नाही.

रुळांनी सडकेची सोबत का सोडली, हे जमीन पाहिली की कळतं. तिरोड्याच्या दक्षिणेला गायखुरीच्या डोंगररांगा आणि नागझिऱ्याचं दाट जंगल आहे. उत्तरेला वैनगंगेचं सपाट, बोड्या-तलावांनी भरलेलं धानाचं खोरं. बैलगाडी चढण चढते, वाफेचं इंजिन चढणीपुढे हतबल होतं. त्यामुळे रूळ सपाटीने गेले. तुमसर, मुंडीकोटा, तिरोडा, काचेवानी, गंगाझरी आणि गोंदिया असा तो रस्ता झाला. डोंगर पूर्णपणे टाळता आला नाहीच. गोंदियापलीकडे सालेकसा-दरेकसाच्या पुढे त्याने गाठलंच आणि तिथे बोगदा खणावा लागला. पण तिरोड्यापर्यंत तरी वाट सोपी होती. आणखी एक लोभ होताच. या सपाटीवर धान पिकत होतं, आणि रेल्वे इकडे आली ती धान्यासाठी.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईहून नागपूरला पोचली 1867 साली. वऱ्हाडाचा कापूस मुंबईच्या बंदरात नेणं हा तिचा मुख्य धंदा. नागपूरच्या पूर्वेला गाडी नव्हती. छत्तीसगड म्हणजे भाताचं कोठार, पण तिथलं धान्य बाहेर काढायचं तर बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे किंवा गाड्यांची रांग, एवढंच साधन. पावसाळ्यात तेही बंद. अशा मुलखात पीक उदंड आलं तर भाव कोसळतो, आणि शेजारच्या मुलखात दुष्काळ पडला तरी इथलं धान्य तिथवर पोचत नाही. 1876 ते 1878 च्या महादुष्काळाने दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसं मेली, तेव्हा ही गोष्ट सरकारला नव्याने टोचली. त्या काळात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते जॉन मॉरिस. नागपूर-छत्तीसगड स्टेट रेल्वे या नावाने सरकारी खर्चाने मीटर गेजचा मार्ग घालायचं ठरलं. 1880 ते 1882 या काळात तो तुकड्या-तुकड्यांनी खुला होत राजनांदगावला भिडला. सुमारे 240 किलोमीटरचा हा मार्ग. तिरोडा त्याच्या साधारण मध्यावर येतं.

पहिली गाडी आली तेव्हा तिरोडा काही आडबाजूचं खेडं नव्हतं. भंडारा जिल्ह्याच्या तीन तहसिली होत्या, भंडारा, साकोली आणि तिरोडा. गोंदियासुद्धा तेव्हा तिरोडा तहसिलीतच मोडत असे. म्हणजे रेल्वे आली तेव्हा तहसिलीचं ठाणं तिरोड्याला होतं आणि गोंदिया हे त्याच्या हद्दीतलं एक गाव होतं. पुढे जे घडलं ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

मीटर गेज स्वस्त होतं, लवकर झालं, पण त्यात एक मोठी खोट होती. छत्तीसगडचा तांदूळ भरलेला डबा नागपूरला यायचा आणि तिथे त्याची वाट संपायची, कारण पुढचे मुंबईचे रूळ रुंद होते. एक मीटर अंतराच्या रुळांवरचा डबा सुमारे पावणेदोन मीटरच्या रुळांवर चालत नाही. मग हमालांनी प्रत्येक पोतं एका डब्यातून उतरवायचं, फलाटावरून पलीकडे न्यायचं आणि दुसऱ्या डब्यात रचायचं. दरवर्षी सुगीत नागपूरच्या यार्डात धान्याच्या थप्प्या लागायच्या. पोती फुटायची, पावसात भिजायची, मोजणीत कमी भरायची. तिरोड्याच्या धक्क्यावर पोतं चढवणाऱ्या शेतकऱ्याला हे काही दिसत नसे. पण नागपूरच्या यार्डात जो वेळ आणि जी तूट जायची, तिची भरपाई त्याच्या धानाच्या भावातूनच होत असणार, हे कुणाही व्यापाऱ्याला विचारलं तरी कळेल.

हा घोळ मिटवायला बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, 1887 साली. नागपूर-छत्तीसगडचा मार्ग तिने ताब्यात घेतला, त्याचं ब्रॉड गेज केलं आणि रूळ पुढे बिलासपूरवरून आसनसोलपर्यंत नेले. 1 फेब्रुवारी 1891 ला नागपूर ते आसनसोल मार्ग मालवाहतुकीला खुला झाला. 1900 साली खरगपूरकडून हावड्यापर्यंत जोड झाला, आणि तिरोड्याच्या फलाटासमोरचे रूळ मुंबई आणि कलकत्ता यांना थेट जोडणाऱ्या मार्गाचा भाग बनले. सुरुवात झाल्यापासून वीसेक वर्षांत एवढी उडी झाली.

मार्ग रुंद करणं म्हणजे नुसते रूळ सरकवणं नव्हतं. भराव रुंद करायचे, मोऱ्या नव्याने बांधायच्या, आणि वजनदार इंजिन पेलतील असे पूल घालायचे. कामठीजवळ कन्हान आणि माडगीजवळ वैनगंगा, या दोन नद्या सगळ्यांत अवघड. तुमसर रोड सोडून मुंडीकोट्याकडे येताना वैनगंगेवरचा तो पूल लागतो. गाडीचा आवाज एकदम पोकळ होतो, खाली उन्हाळ्यात वाळूचं पात्र आणि पावसाळ्यात गढूळ, रोरावणारं पाणी. नदीच्या पात्रातल्या खडकावर नृसिंहाचं देऊळ आहे, यात्रेला दोन्ही काठांवरून माणसं येतात. तिरोड्याकडच्या माणसाला नागपूरहून परतताना घर जवळ आल्याची पहिली खूण म्हणजे हा पूल.

रुंद रुळांचा खरा फायदा मात्र शेजाऱ्याला झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सातपुडा रेल्वेची नॅरो गेज लाइन गोंदियाहून निघाली. नैनपूरमार्गे ती जबलपूरला गेली. मागोमाग दक्षिणेकडे नागभीड-चांद्याचा फाटा झाला. गोंदिया जंक्शन झालं. बालाघाट, शिवनी, मंडला इथला माल, लाकूड, लाख, धान्य सगळं गोंदियाला येऊन मोठ्या गाडीत चढू लागलं. आडते आले, गिरण्या आल्या, वखारी उभ्या राहिल्या. तहसिलीचं ठाणंही पुढे गोंदियाला गेलं. तिरोड्याला फाटा फुटला नाही. फाटा फुटला तर गाव वाढतं, नाही फुटला तर गाव मधलं स्टेशन होतं. स्वतंत्र तालुका म्हणून पुन्हा उभं राहायला तिरोड्याला कित्येक दशकं जावी लागली. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला तोही गोंदियाच्याच नावाने. यात कुणाचा दोष काढायचा नाही. पण रुळांचा एक सांधा कुठे पडतो यावर दोन गावांचं शंभर वर्षांचं नशीब कसं ठरतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण विदर्भात दुसरं मला दिसत नाही.

तरी गोंदियाची भरभराट तिरोड्याकडे वळून आलीच, तीही रेल्वेनेच. या भागातल्या जंगलात तेंदूची झाडं अमाप. उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये पहाटे जंगलात जायचं, पानं खुडून आणायची, दुपारी घरच्या सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी संकलनाच्या फळीवर नेऊन मोजून द्यायचे. हे काम नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत आजही चालतं. गुजरातेतून आलेल्या पटेल मंडळींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पानांवर विडीचा धंदा उभा केला. तंबाखू गुजरातेतून गाडीने यायची, वळलेल्या विड्यांची खोकी गाडीने देशभर जायची. पान इथलं आणि वळणारे हातही इथले, त्यातही बहुतेक बायकांचे. रूळ नसते तर हा धंदा जंगलाच्या बाहेर पडला नसता.

त्या धंद्यातल्या पैशाचा एक भाग शिक्षणात आला, हे विसरून चालणार नाही. छोटाभाई जेठाभाई पटेल या विडी पेढीच्या घराण्यातल्या मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. गोंदियात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आणि एन. एम. डी. महाविद्यालय चालू लागली, तिरोड्यालाही सी. जे. पटेल महाविद्यालय झालं. परिणाम असा की ज्या रुळांवरून धानाची पोती जायची, त्यांवरून आता तिरोडा, मुंडीकोटा, काचेवानीची पोरं-पोरी वह्या घेऊन गोंदियाला जाऊ लागली. पोवार, कुणबी, गोंड, महार, तेली अशा घरांतली ही पहिली पिढी. बस नव्हती, असली तरी परवडत नव्हती. पासाची गाडी होती म्हणून शिक्षण झालं, असं सांगणारे शिक्षक, तलाठी, बँकवाले या तालुक्यात कितीतरी भेटतील. स्टेशनचा इतिहास लिहिताना पुलांचे गाळे मोजतात, ही माणसं कुणी मोजत नाही.

मधल्या काळातल्या मालकबदलाबद्दल फार लिहायला नको. बंगाल-नागपूर रेल्वे 1944 मध्ये सरकारने ताब्यात घेतली. 1952 ला ती पूर्व रेल्वेत गेली, 1955 ला दक्षिण पूर्व रेल्वे झाली, आणि 2003 पासून बिलासपूर मुख्यालय असलेल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात तिरोडा आलं. फलाटावरच्या माणसाच्या दृष्टीने यात एकच फरक पडला. दाद मागायची तर आता कलकत्त्याऐवजी बिलासपूरकडे पाहायचं. मुंबईकडे पाहून इथलं काही हलत नाही. महाराष्ट्रातलं गाव असूनही त्याची रेल्वे छत्तीसगडातून चालते.

खरा बदल घडला तो विजेच्या तारांनी. भिलाईचा पोलाद कारखाना 1959 ला सुरू झाला आणि या मार्गावर कोळसा, लोखंड, पोलाद यांचा भार चढत गेला. वाफेची इंजिनं गेली, डिझेलची आली. पुढे गोंदिया ते भंडारा रोड या टप्प्याचं विद्युतीकरण 1990-91 मध्ये झालं, त्यातच तिरोडा आलं. 1991-92 मध्ये तारा नागपूरला पोचल्या. विजेचं इंजिन जड मालगाडी घेऊन चटकन वेग पकडतं, म्हणून मालगाड्या लांब झाल्या आणि जास्तही झाल्या. प्रवाशांच्या वाट्याला या विजेतून जी चांगली गोष्ट आली ती म्हणजे मेमू. हिला वेगळं इंजिन नसतं. ताकद डब्यांखालच्याच मोटरींत असते, त्यामुळे दर पाच-सात किलोमीटरवर थांबून पुन्हा निघायला ती सोयीची. नागपुरातल्या इतवारीहून गोंदियाला जाणाऱ्या मेमूला सगळे 'लोकल'च म्हणतात. अपडाऊन करणाऱ्यांसाठी ती घरच्यासारखी आहे. नागपूर शंभरेक किलोमीटरवर, गोंदिया तीसेकवर. दीडशे किलोमीटरपर्यंत मासिक पास मिळतो, म्हणजे दोन्ही शहरं पासाच्या आवाक्यात.

सकाळच्या लोकलला तिरोड्याच्या फलाटावर उभं राहून पाहावं. पालेभाजीच्या टोपल्या घेतलेल्या बायका पुढच्या डब्याच्या जागी आधीच बसलेल्या असतात, डबा नेमका कुठे थांबतो हे त्यांना ठाऊक. शाळेवर जाणाऱ्या बाई, कोर्टाची तारीख असलेला म्हातारा, कोचिंगची मुलं. दवाखान्यासाठी निघालेलं एखादं कुटुंब, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. गोंदियाला 2016 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून ही पाकिटं पूर्वेकडेही निघतात, आधी बहुतेक नागपूरकडेच निघायची. गाडीला उशीर झाला की कुणी तरी फोनवर विचारतं, "गाडी कुठी आहे?" पलीकडून उत्तर येतं, "मुंडीकोट्याले उभी आहे." त्याच वेळी समोरून कोळशाची मालगाडी न थांबता धडधडत निघून जाते.

त्या मालगाडीचं कारणही तिरोड्यातच आहे. तालुक्यात उभा राहिलेला अदानी पॉवरचा औष्णिक वीज प्रकल्प 660 मेगावॅटच्या पाच संचांचा, एकूण 3300 मेगावॅटचा. पहिला संच 2012 मध्ये चालू झाला आणि 2014 पर्यंत पाचही. एक युनिट वीज तयार करायला साधारण 600 ग्रॅम कोळसा लागतो असं धरलं, तर पूर्ण क्षमतेने चाललेल्या प्रकल्पाला दिवसाला 47 हजार टनांच्या आसपास कोळसा हवा. 58 वाघिणींच्या एका मालगाडीत ढोबळमानाने चार हजार टन माल मावतो. म्हणजे दिवसाला बाराएक भरलेल्या गाड्या आत यायला हव्यात आणि तेवढ्याच रिकाम्या बाहेर पडायला हव्यात. हावडा-मुंबईची मूळची वाहतूक, भिलाईचं पोलाद आणि छत्तीसगडचा इतर कोळसा यांच्यावर ही भर. सगळं बरीच वर्षं दोनच लाइनींवरून. या विजेवर महाराष्ट्रातली कितीतरी शहरं चालतात. तिरोड्याची लोकल मुंडीकोट्याला का उभी राहते, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे.

2020 च्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या त्या सगळ्या देशातच. पण परत सुरू होताना लहान स्टेशनांवर अन्याय झाला, असं मी स्पष्ट म्हणेन. मेल-एक्सप्रेस आधी आल्या, पॅसेंजर गाड्या शेवटी. त्या आल्या त्याही 'स्पेशल' नावाने आणि एक्सप्रेसच्या भाड्याने. ज्या प्रवासाला किमान 10 रुपये लागायचे तिथे 30 द्यावे लागले. भाजी विकून घर चालवणाऱ्या बाईला जाऊन-येऊन 60 रुपये म्हणजे टोपलीतल्या भाजीचा बराचसा नफाच. 2024 च्या फेब्रुवारीत जुनं भाडं परत लागू झालं. तोपर्यंत चार वर्षं गेली होती. मधे 2022 च्या उन्हाळ्यात देशात कोळशाचा तुटवडा पडला, वीजकेंद्रांकडे जाणाऱ्या मालगाड्यांना वाट मोकळी करायची म्हणून दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने अनेक प्रवासी गाड्या रद्द केल्या. वीज सगळ्या देशाला हवी होती हे खरं आहे. तिच्यासाठी गाडी मात्र इथल्या माणसाची गेली, हेही खरं आहे.

आता आधुनिकीकरणाचं नवं पर्व चालू आहे. अमृत भारत स्थानक योजनेत भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया आणि आमगाव ही आजूबाजूची नावं आली. 11 डिसेंबर 2022 पासून नागपूर-बिलासपूर वंदे भारत धावते, या पट्ट्यात ती गोंदियाला थांबते, तिरोड्याला नाही. गाड्यांचा वेग ताशी 130 किलोमीटरपर्यंत नेण्यासाठी रूळ सुधारले. तिरोड्याच्या प्रवाशाला दूरच्या प्रवासासाठी भरवशाच्या गाड्या म्हणजे मुंबईची विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूरची महाराष्ट्र एक्सप्रेस. त्यांचं शेवटचं स्टेशन गोंदिया, म्हणून तर त्या तिरोड्याला थांबतात. महाराष्ट्र एक्सप्रेस तर कोल्हापूरच्या उसाच्या मुलखातून निघून राज्य आडवं कापत धानाच्या मुलखात येते, राज्याची सीमा न ओलांडता. तिरोड्याच्या पोराने पुण्यात नोकरी धरली की घरच्यांशी त्याचा धागा हीच गाडी.

माझ्या मते या स्टेशनसाठी सगळ्यांत महत्त्वाचं काम फलाटावरच्या फरशीचं किंवा दर्शनी कमानीचं नाहीच. ते राजनांदगाव ते नागपूरजवळच्या कळमन्यापर्यंतच्या 228 किलोमीटरच्या तिसऱ्या लाइनचं आहे. 2015-16 मध्ये मंजूर झालेलं हे काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकत आलं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये गोंदिया-डोंगरगड या 84 किलोमीटरच्या चौथ्या लाइनलाही केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मंजुरीची कारणं वाचली की त्यांत कोळसा, सिमेंट, पोलाद यांचे टन असतात. 1880 मध्ये तांदळाचं वजन होतं, 1891 मध्ये बंगालच्या मालाचं, 1959 नंतर पोलादाचं. या मार्गाची प्रत्येक वाढ वजनाच्या हिशोबाने झाली आणि यापुढेही तशीच होईल. पण रूळ वाढले की वेळापत्रकात जागा होते, आणि ती जागा कुणाला द्यायची हे वजन ठरवत नाही, माणसं ठरवतात. तिसरी लाइन पूर्ण जोडली जाईल तेव्हा मालगाड्यांना स्वतःची वाट मिळेल. त्याच वेळी सकाळी नोकरी-कॉलेजच्या आणि संध्याकाळी परतीच्या वेळेला इतवारी-गोंदिया दरम्यान आणखी मेमू सोडाव्यात. त्यांना मुंडीकोटा-काचेवानीला मालगाडीसाठी अडवू नये, असं लेखी वेळापत्रक हवं. ही मागणी तिरोड्याने आत्ताच लावून धरायला हवी. लाइन सुरू झाल्यावर मोकळी जागा भरायला कोळशाला फार दिवस लागणार नाहीत.